राक्षसिणीचं नाव

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आज मी खोटं वाचलं. खोटं बोलणं मला नवीन नाही. पण समोर कागद असताना, त्यावरचं स्वच्छ दिसत असताना, ते गाळून वाचणं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा केलं.

दुपारी नाटक कंपनीचे खुशालभाऊ आले. सोबत त्यांची नटी कांता. दिवाळी उलटली की वडशात कंपन्यांच्या तालमी सुरू होतात, पण ती माणसं माझ्याकडे कधी येत नाहीत. मी शाळेतून निवृत्त झालेली मोठ्या बाई, वनखात्यातल्या साहेबांची विधवा. त्यांचं माझ्याकडे काय काम? खुशालभाऊंच्या हातात गंजलेला पत्र्याचा डबा होता. अहेरीला बाजारात तंबू लावून सिनेमा दाखवणारा कोणी म्हातारा वारला, त्याच्या घरच्यांनी अडगळ काढली, त्यात मूकपटाची एक गुंडाळी आणि एक इंग्रजी जाहिरात निघाली.

“बाई, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकल्या,” खुशालभाऊ म्हणाले. “तेवढं वाचून द्या. याच्यातली राक्षसीण आपल्या भागातली होती म्हणतात. ज्या काळात आमच्या इकडं माणसं मिशा काढून राणी होत, त्या काळात ही बाई सिनेमात!”

कांता पंचविशीची असेल. सतरंजीवर बसली, खुर्ची दिली तरी. “मले मोहल्ल्यातच बोलतात बाई. शिकली-सवरली पोरगी अन् तोंडाले रंग लावते म्हणून. आम्ही बौद्ध, आमच्यातून कोणी गेलं नव्हतं ना याच्यात. ते राक्षसीण आमच्यातलीच होती असं ऐकून राह्यलो. मले तिचं नाव पाहिजे. पडदा उघडाच्या आधी आम्ही गेलेल्या नटांची नावं घेतो. त्याच्यात एकही बाई नाई.”

जाहिरातीत छापलं होतं, ‘मिस केतकी’. ते मी वाचलं. खाली कोणीतरी पेन्सिलनं इंग्रजीत लिहिलं होतं: खरं नाव भागीरथा, वडील डोमा, गाव माजरी. आणि जात. ते मी वाचलं नाही.

“खाली काय आहे जी?” खुशालभाऊंनी विचारलं.

“लागत नाही. पुसट आहे.”

त्याच वेळी केसरबाईंनी चहाचा ट्रे आणून ठेवला. एक थेंब सांडला नाही.

केसरबाई म्हणजेच भागीरथा. आणि ती माझी आई आहे. लिहून टाकलं. छत्तीस वर्षं ती माझ्या घरी स्वयंपाकाची बाई म्हणून राहते आहे, आणि हे तिला आणि मला सोडून कोणालाही ठाऊक नाही.

१८ नोव्हेंबर

आई आज भाजीत मीठ विसरली.

मला बोर्डिंगचे दिवस आठवत राहिले. निलगिरीची झाडं, ओल्या फरशीचा वास, संध्याकाळची प्रार्थना. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायला येण्याची मुभा असे. आई रात्रभर प्रवास करून यायची, फडक्यात बांधलेले पेरू घेऊन. मी नऊ वर्षांची असताना एका नवीन सिस्टरनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आया. असं का म्हटलं मला ठाऊक नाही. शेजारी माझ्या वर्गातल्या दोन गोऱ्या मुली उभ्या होत्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘आया’ कळला. ती तत्क्षणी दोन पावलं मागं सरकली. खांदे खाली, नजर खाली. इतकं हुबेहूब की सिस्टरनी तिला मागच्या दारानं जायला सांगितलं. पेरू फार गोड होते.

आईला सिनेमा कंपनीनं सतराव्या वर्षी उचललं. भांदकच्या लेण्यांत शूटिंग होतं आणि मुख्य नटी चिखलात पडायला तयार होईना. बघायला जमलेल्या खाणकामगारांच्या पोरींतली एक पुढं झाली आणि पडली. तिला पुण्याला नेलं. सहा वर्षं ती दासी, भिल्लीण, राक्षसीण झाली. मग बोलपट आला. “आवाज आला अन् माह्यं काम गेलं,” एवढंच ती सांगते. तिची बोली कोणाला चालणार नव्हती. ज्या कंपनीच्या पडद्यावर ती होती, तिथेच पुढं नटींचे कपडे धूत राहिली आणि त्यावर मला शिकवलं. वडिलांबद्दलही एकच वाक्य: “कॅमेऱ्याच्या मागं उभा राहे.”

२४ नोव्हेंबर

चार दिवसांपूर्वी आईनं दुपारची सुट्टी मागितली. नेहमी मागते तशीच, दाराशी उभी राहून. “कांताच्या तालमीले जाऊन येतो. बसून बसून गुडघे धरतात.”

मी म्हटलं, जा, चालणं चांगलंच. तेव्हापासून रोज जाते आहे. तिला जरा विरंगुळा झाला, बरं वाटलं.

आज तिकडून जाताना तालमीच्या छपरीतून तिचा आवाज ऐकला. मी सायकलरिक्षा थांबवली नाही, सावकाश घ्यायला सांगितली.

“अशी नाई वं! पाय काऊन झाडून राह्यली, कोंबडी आहे का तू? आधी मान मरते. मग हात. पाय सगळ्यात मांगून.”

पोरी खिदळत होत्या. “आजी, तुमाले कसं माहीत? किती खेपा मेल्या तुम्ही?”

“मोजल्या नाई,” आई म्हणाली.

६ डिसेंबर

आज तिनं पांढरं लुगडं नेसलं आणि स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली. दर वर्षी लावते. मी दर वर्षी खिडकी लावून घेते. वाऱ्यानं विझू नये म्हणून, असं तिला सांगते.

यांनी एकदा ती मेणबत्ती पाहिली होती. काही विचारलं नाही, चपला काढून ठेवल्या आणि बाहेर जाऊन बसले. हे देवमाणूस होते, पण फार साधे. दसऱ्याला घरी आले की आपट्याचं पान आधी केसरबाईंच्या हातात द्यायचे आणि पायांकडे वाकायचे. मी म्हणे, अहो, नोकरमाणसांना अवघडल्यासारखं होतं. ते म्हणत, वयानं मोठ्या आहेत. शेवटच्या आजारात तिलाच जवळ बसवून घ्यायचे, आणि मला म्हणाले, यांना अंतर देऊ नकोस. मी हो म्हटलं. त्यांना शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही, एवढं एक मी नीट सांभाळलं.

१४ डिसेंबर, रविवार

आज सकाळी गावच्या टॉकीजमध्ये ती गुंडाळी दाखवली. खुशालभाऊंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. आई थर्मास घेऊन सोबत आली आणि पायरीवर बसली. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

आठ-नऊ मिनिटांचाच तुकडा उरला आहे. ऑपरेटर घाबरत होता, जुनी फिल्म लवकर पेट घेते म्हणे. पडद्यावर राणी दिसली, पांढरीफटक, आणि तिच्या मागं चवरी ढाळणारी दासी. बारीक, काळी, मान ताठ. मी तिला कधी तरुण पाहिलेलीच नव्हती. म्हणजे पाहिली असणार, पण मला आठवतात ते पेरूच.

मग राक्षसीण आली. तीही आईच. तोंडाला काजळी, केस मोकळे. दोन्ही कामं तिलाच देत. दासीचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? माणसं तुरुतुरु चालत होती म्हणून पोरं हसत होती. राजपुत्रानं बाण मारला. राक्षसीण दगडी पायऱ्यांवरून उलटी पडत आली, एकेक पायरी, आणि हसू थांबलं. खाली पडल्यावर तिचे ओठ हलत राहिले. बराच वेळ. मग मान, मग हात, मग पाय.

“अरे बापा,” खुशालभाऊ अंधारात म्हणाले, “असं पडाले आता कोणाले येते?”

दिवे लागले. कांता पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. “ही बाई कोण, इथी कोणाले माहीत आहे का जी? कोणाच्या नात्यातली, गावातली?”

मी पर्स उघडून रुमाल शोधत राहिले. आईनं थर्मासचं झाकण लावलं.

घरी आल्यावर मी विचारलं, “पडल्यावर तू काय बोलत होतीस?”

“डायरेक्टर म्हणे, ओठ हलव, काही बी बोल. दुसऱ्या पोरी आकडे म्हणत.”

“आणि तू?”

“मी नाव सांगो. मी भागीरथा, डोमाची लेक, माजरीची. दर सिनेमात, मरताना.” ती कणीक मळत होती. “कोणाले ऐकू येत होतं?”

२० डिसेंबर

काल कांता धावत आली. नाव सापडलं! केसरबाईंनीच सांगितलं. ती राक्षसीण म्हणजे केसरबाईंची मोठी बहीण. भागीरथा, माजरीची. त्रेचाळीस साली वारली. मूलबाळ नव्हतं.

“तुमच्या घरातच होतं बाई, अन् तुमालेच माहीत नाई!” कांता हसत होती. ११ जानेवारीला, पहिल्या प्रयोगाच्या दुपारी कार्यक्रम आहे. फिल्मवरून फोटो मोठा करून घेणार. मी प्रमुख पाहुणी.

आई भांडी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. आईचं नाव निघालं, आणि आमचंही सगळं जागच्या जागी राहिलं. किती शहाणी आहे ती! रात्री शांत झोप लागली. पहाटे मात्र ‘मूलबाळ नव्हतं’ हे शब्द डोक्यात आले, आणि मग झोप आली नाही.

२८ डिसेंबर, रविवार

माझा मुलगा अविनाश भिलाईहून दोन दिवसांसाठी आला होता. आल्या आल्या, “केसर, माझा चहा!” चौतीस वर्षांचा झाला, लहानपणापासून तसाच हाक मारतो. तिनंच त्याला वाढवलं. गोवर निघाला तेव्हा अकरा रात्री मांडीवर घेऊन बसली होती.

जेवताना मला म्हणाला, “आई, केसर आता थकली. हात थरथरतात तिचे. पुढच्या महिन्यात तू माझ्याकडे चल. तिला तिच्या माणसांत पाठवून दे. असेल ना कोणी तिचं?”

ती वाढायला उभी होती. पोळीवर तूप घातलं त्याच्या.

“आहे ना बाबू,” ती म्हणाली. “होईल सोय.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. अविनाशची बायको मोठ्या घरची, तिची माहेरची माणसं, त्याची ती लहान मुलगी. मी एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढं आणत होते, तेवढ्यात तो हात धुऊन उठला.

तो गेल्यावर ठरवलं. ११ तारखेला, सगळ्यांसमोर सांगायचं. एकट्या अविनाशला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटतं. आईला आधी सांगायचं नाही. तिला केवढा आनंद होईल!

११ जानेवारी १९८७, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

शाळेच्या मैदानात मांडव होता. दोनतीनशे माणसं. मोहल्ल्यातल्या बाया पांढरी लुगडी नेसून पुढं बसल्या होत्या. टेबलावर फोटो, राक्षसिणीचा नव्हे, दासीचा. खाली लिहिलेलं: कै. भागीरथा डोमाजी, माजरी.

खुशालभाऊंनी जाहीर केलं, फोटोला हार केसरबाई घालतील, धाकट्या बहिणीच्या नात्यानं. आई पुढं गेली. हार दोन्ही हातांत धरून क्षणभर थांबली. मग घातला, सारखा केला, हात जोडले. डोळ्यांतून दोन थेंब आले, अगदी बहिणीसाठी येतील तेवढेच. बाया हुंदके देऊ लागल्या. आपल्याच फोटोला हार घालणारी माझी आई!

मग मला बोलायला सांगितलं. मी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला. म्हटलं, “हा फोटो ज्यांचा आहे, त्या वारलेल्या नाहीत. त्या इथं उभ्या आहेत. केसरबाई म्हणजेच भागीरथा. आणि त्या माझ्या आई आहेत.”

कांता उठून उभी राहिली.

आईनं आधी लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मग ती हसली. पदर तोंडाला लावून.

“काऊन वं बाई, ऊन लागलं का तुमाले?” तिनं माझ्या हाताला धरलं आणि लोकांकडे वळली. “बाईचा जीव लय आहे जी माह्यावर. साहेब गेले तवापासून एकटं एकटं राहून असं होते कधी कधी. मी कुठी अन् बाई कुठी! माह्यी पोरगी असती त अशी फाडफाड इंग्लिश बोलली असती का?”

हशा पिकला. मी म्हटलं, “आई, नको,” पण माईक तोवर खुशालभाऊंनी घेतला होता. “पाहा लोक हो! मालकीण असावी त अशी! घरच्या कामाच्या बाईले माय म्हणते. टाळ्या वाजवा बाईसाठी!”

टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. बराच वेळ.

१२ जानेवारी

सकाळी मी तिला विचारलं, का असं केलंस?

ती तांदूळ निवडत होती. “तू काऊन सांगितलं?”

“तुझ्यासाठी.”

“नाई. तुले हलकं वाटाले पाहिजे म्हणून. वीस साल आधी सांगती त माह्यासाठी असतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्या पोरीनं नाव मांगितलं, तवा कागद तुह्या हातात होता. मी दारात उभी होतो.”

“मी चुकले गं.”

“रडू नको. अविनाशले काही लिहू नको. त्याले दुःख होईल, अन् ते दुःख मी कुठी ठेवू? भागीरथा मेली. मेलेलीचं नाव आता दर गावात पडदा उघडाच्या आधी घेतील. मले तेवढं पुरते.”

मग म्हणाली, कांता बोलावते आहे. हंगामभर कंपनीबरोबर राहायचं, पोरींना शिकवायचं. मी म्हटलं, या वयात? थंडीवाऱ्यात? गुडघ्यांचं काय?

“सुट्टी नाई मांगून राह्यलो,” ती म्हणाली. “सांगून राह्यलो.”

वयानं माणूस हट्टी होतं. चार दिवसांत कंटाळून परत येईल. तिची खाट मी तशीच ठेवली आहे.

२ फेब्रुवारी

आली नाही. अविनाशचं पत्र आलं, ‘केसरची सोय झाली हे बरं झालं.’ मी त्याला उत्तर लिहायला घेतलं. ‘चिरंजीव अविनाश’ एवढं लिहून कागद तीन दिवस टेबलावर आहे.

चहा मला कडक जमत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज राहवलं नाही. तिची शाल आणि गुडघ्यांचं तेल घेतलं आणि कंपनीचा मुक्काम होता त्या गावी एसटीनं गेले. दुपारची वेळ. पटावर बैलांच्या शर्यती चालल्या होत्या, सगळा गाव तिकडं. कंपनी शाळेच्या पडवीत उतरली होती.

आई पोरींच्या घोळक्यात बसली होती. एकीच्या चेहऱ्याला रंग लावून पाहत होती. गालाला पांढरं फासू पाहणाऱ्या दुसरीच्या हातावर तिनं चापट मारली. “धुऊन ये. आहे तसं तोंड राहू दे. लोकं पाहतील, त्याहिले सवय नाई म्हणून.” पोरी हसल्या. ती किती बोलत होती! माझ्या घरात तिनं छत्तीस वर्षांत इतके शब्द खर्चले नसतील.

मला पाहून ती उठू लागली. मग उठली नाही.

“या बाई. बसा. कांता, बाईले पाणी दे वं.”

मी शाल दिली. तिनं मांडीवर ठेवली. म्हटलं, घरी चल. हळूच म्हटलं, तिला एकटीला ऐकू जाईल असं. तिनंही तेवढ्याच हळू विचारलं, “कोणाच्या घरी?” तेवढ्यात कांता वही-पेन घेऊन जवळ आली.

शेवटच्या प्रयोगाला कंपनी आजीचा सत्कार करणार आहे. मानपत्र लिहायचं आहे. बहिणीची माहिती आहे, पण आजीची स्वतःची काही नाही. विचारलं तर सांगत नाही, उडवून लावते.

“तुम्हीच सांगा बाई,” कांता म्हणाली. “तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असणार? आजी तुमच्याकडं किती वर्षं कामाले होती?”

पोरी थांबल्या होत्या. आई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी नीट पाहिलं, खरोखरच काही नव्हतं.

“छत्तीस वर्षं,” मी म्हटलं.

कांतानं लिहून घेतलं.